ख्रिस्त हे आडनाव नाही: बायबलमधले शब्द आणि बायबलचा जन्म

माझ्या वर्गमित्राच्या दारावर एक पाटी होती, ‘येशू तारणारा आहे’. माझी आत्या पहिल्यांदा त्यांच्याकडं आली तेव्हा पाटी वाचून मला हळूच म्हणाली, ‘तारण? हिथं बी सोनं ठेवून पैसं देत्यात व्हय?’ आत्याचा काही दोष नव्हता. कोल्हापूरच्या गुजरीतली, म्हणजे सराफ बाजारातली, दुकानं आणि पतसंस्थांच्या ‘सोनेतारण कर्ज’च्या पाट्या, तारण या शब्दाशी तिची ओळख तेवढीच. मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, आतून हे ऐकत होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तसं बघायला गेलं तर फार चुकलं नाही तुमचं.’ त्या असं का म्हणाल्या ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ते शेवटी सांगतो.

हे सगळं आता आठवायचं कारण मोबाइल. २०२५ साली ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नायसिया इथल्या परिषदेला १७०० वर्षं झाली आणि तेव्हापासून रंकाळ्यावरच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक मजकूर फिरतोय: ‘रोमच्या बादशहानं ३२५ साली मतदान घेऊन बायबल बनवलं.’ त्यावर एक जण म्हणाला, ‘म्हणजे येशूनं लिहिलं नाही?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘ख्रिस्त आडनावाची माणसं अजून आहेत का तिकडं?’ शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या गावात चर्च आहे, मिशनच्या शाळा आहेत, त्या गावात ही अवस्था. मी ख्रिस्ती नाही, पण मिशनच्या शाळेत शिकलो आणि काकूंच्या घरी वाढलो. तेव्हा जमेल तेवढं सोपं करून सांगतो. इथं फक्त शब्द आणि इतिहास आहे. श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचं त्यानं बघावं.

## येशू नासरेथकर

ख्रिस्त ही पदवी आहे. इस्राएली लोकांत राजा किंवा याजक नेमताना त्याच्या डोक्यावर ऑलिव्हचं तेल ओतत. आपल्याकडं राज्याभिषेकाला नद्यांचं पाणी, तिकडं तेल. असा तेलानं अभिषेक झालेल्या माणसाला हिब्रू भाषेत ‘माशिआख’ म्हणत. त्याचंच पुढं ‘मसीहा’ झालं. त्याचा ग्रीक अनुवाद ‘ख्रिस्तोस’. तेव्हा ‘येशू ख्रिस्त’ म्हणजे ‘अभिषिक्त येशू’. आपण ‘शिवाजी छत्रपती’ म्हणतो, पण छत्रपती हे आडनाव धरत नाही, तसंच.

आडनावासारखं काही हवंच असेल तर मराठी बायबलमध्ये ते आहे. तिथं लोक त्याला ‘नासरेथकर’ म्हणतात. इचलकरंजीकर, गारगोटीकर, तसा नासरेथकर. हा शब्द ज्या कुणा भाषांतरकाराला सुचला असेल त्याला माझा नमस्कार.

‘येशू’ हे त्या काळातलं अगदी साधं नाव होतं. मूळ ‘येशुआ’, अर्थ ‘परमेश्वर तारतो’. म्हणजे दारावरची ती पाटी एका परीनं नावाचंच भाषांतर होती. हेच नाव ग्रीकमधून इंग्रजीत जाऊन ‘जीझस’ झालं. अशा नावांच्या जोड्या एकदा लक्षात आल्या की निम्मा गोंधळ मिटतो. मराठी बायबलमधला मोशे म्हणजेच इंग्रजीतला मोझेस, दावीद म्हणजे डेव्हिड, शलमोन म्हणजे सॉलोमन, योहान म्हणजे जॉन, पेत्र म्हणजे पीटर. याकोबाची तर कमालच आहे, इंग्रजीत तो कुठं जेकब होतो, कुठं जेम्स.

आणि येशू स्वतः ख्रिस्ती नव्हता. तो ज्यू होता, ज्यू म्हणून वाढला, सभास्थानात जाऊन ज्यूंचीच शास्त्रं वाचायचा. ‘ख्रिस्ती’ हे नाव त्याच्या अनुयायांना त्याच्यानंतर, अंत्युखिया या शहरात पडलं, असं बायबलच सांगतं. ज्यू हा शब्द परका वाटत असेल तर आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवा. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’. बायबलचा पहिला मोठा भाग हा या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचाही धर्मग्रंथ आहे.

## एक पुस्तक नाही, कपाट

फिनिशियाच्या, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या, किनाऱ्यावर बिब्लोस नावाचं बंदर होतं. इजिप्तमधला पपायरस, म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून बनवलेला कागद, तिथून ग्रीकांकडं जायचा. त्या गावावरून ग्रीकमध्ये पुस्तकाला शब्द पडला, असं मानतात. ‘बिब्लिया’ म्हणजे ‘पुस्तकं’. अनेकवचन. पुढं लॅटिनमध्ये तोच शब्द एकवचनी झाला आणि सगळा घोटाळा तिथं सुरू झाला.

बायबल हे कपाट समजा. प्रोटेस्टंट, म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांच्या, लोकांच्या कपाटात ६६ पुस्तकं आहेत. त्यांत वंशावळी आहेत, कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, १५० स्तोत्रं आहेत, म्हणींचा संग्रह आहे, पत्रं आहेत. ‘गीतरत्न’ नावाचं चक्क प्रेमकाव्य आहे. ‘एस्तेर’ नावाच्या पुस्तकात तर, हिब्रू पाठ पाहिला तर, देवाचा उल्लेख एकदाही येत नाही. पहिलं आणि शेवटचं पुस्तक लिहिलं जाण्यात मोठ्या अंदाजानं हजारेक वर्षांचं अंतर आहे. त्यामुळं ‘बायबल कुणी लिहिलं?’ हा प्रश्न ‘मराठी संतांचे अभंग कुणी लिहिले?’ असं विचारण्यासारखा आहे. कुणा एकाचं नाव सांगता येत नाही.

## करार कुणाचा, कुणाशी?

या कपाटाचे दोन कप्पे आहेत, जुना करार आणि नवा करार. करार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं स्टँपपेपर येतो, नाहीतर ऊसतोडणीच्या टोळीनं कारखान्याशी केलेला करार. उचल घेतली की हंगामभर बांधील. गंमत म्हणजे मूळ कल्पना याच्या जवळचीच आहे. देवानं इस्राएली लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवलं आणि त्यांच्याशी करार केला: ‘मी तुमचा देव, तुम्ही माझे लोक, मात्र या आज्ञा पाळायच्या.’ प्रसिद्ध दहा आज्ञा या कराराच्या अटी. लोक वारंवार करार मोडतात, संकटात सापडतात, पुन्हा परततात, ही जुन्या कराराची कथा.

लोक करार मोडू लागले की खडसावायला उभं राहणाऱ्यांना ‘संदेष्टे’ म्हणतात. हे ज्योतिषी नव्हेत. ते राजाला तोंडावर सुनावायचे आणि गरिबाला लुबाडून देवाला नैवेद्य दाखवणाऱ्याची खरडपट्टी काढायचे. यिर्मया या संदेष्ट्यानं म्हटलं की देव एक नवा करार करील, तो दगडावर नसेल, हृदयावर लिहिलेला असेल. येशूच्या अनुयायांची श्रद्धा अशी की तो नवा करार येशूद्वारे झाला. दुसऱ्या कप्प्याचं नाव त्यावरून. ज्यूंना हे मान्य नाही, त्यामुळं त्यांच्या दृष्टीनं त्यांच्या शास्त्राला ‘जुनं’ म्हणणंच चुकीचं आहे. त्यांचा शब्द ‘तनाख’.

## आधी जिभेवर, मग कातड्यावर

आपल्या भागात हेळवी येतात. बैल घेऊन दारात उभे राहतात आणि तुमच्या घराण्याच्या दहा-बारा पिढ्या सांगतात, मूळ गाव कुठलं, कोण कुठून आला, कुणाला किती पोरं. इस्राएली लोकांच्या कथाही अशाच कितीतरी पिढ्या जिभेवर होत्या. बायबल वाचायला घेतलेला नवखा माणूस ‘अमक्यापासून तमका झाला’ या याद्यांत अडकतो आणि पुस्तक मिटतो. त्यानं तो हेळव्याचा आवाज समजून वाचावं.

लिहून काढण्याची खरी निकड आली ती मोठ्या संकटात. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि अनेकांना बंदी करून नेलं. देऊळ गेलं, राजा गेला, जमीन गेली. उरलं काय, तर आठवण. बऱ्याच अभ्यासकांच्या मते जुन्या लिखाणांचं संकलन आणि संपादन या काळात आणि त्यानंतर जोरात झालं. परंपरा पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिहिली असं मानते. अभ्यासकांना त्यांत वेगवेगळ्या काळचे हात दिसतात. भाषा हिब्रू, थोडा भाग अरामी.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात या शास्त्रांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं, कारण तिथल्या ज्यूंच्या मुलांना हिब्रू येईनाशी झाली होती. (इंग्रजी माध्यमातल्या नातवासाठी ज्ञानेश्वरीचं इंग्रजी भाषांतर शोधणाऱ्या आजोबांना हे लगेच कळेल.) हे ग्रीक भाषांतर लक्षात ठेवा. पुढं एक भांडण त्यावरून झालं.

## नव्या करारात पत्रं आधी आली

येशूनं स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ नाही. तो अरामी बोलायचा, गावोगाव फिरायचा, दाखले द्यायचा: पेरणी, हरवलेलं मेंढरू, घर सोडून गेलेला पोरगा. इसवी सन ३०च्या आसपास रोमन सुभेदार पंतय पिलातानं त्याला क्रुसावर चढवलं. क्रूस ही रोमन साम्राज्यातली बंडखोरांना आणि गुलामांना द्यायची शिक्षा होती. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, अशी त्याच्या शिष्यांनी ग्वाही दिली. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा डोलारा या ‘पुनरुत्थाना’वर उभा आहे. गुड फ्रायडे मृत्यूचा दिवस आणि इस्टर पुनरुत्थानाचा. (गुड फ्रायडेला ‘हॅपी’ म्हणून शुभेच्छा पाठवू नका. दरवर्षी कुणीतरी पाठवतंच.)

छापील नव्या करारात चार चरित्रं आधी येतात, पण लिहिली गेली आधी पत्रं. पौल नावाचा एक ज्यू, आधी या नव्या पंथाचा छळ करणारा, पुढं त्याचाच मोठा प्रचारक झाला. त्यानं साधारण इसवी सन ५० ते ६०च्या काळात ग्रीक शहरांतल्या छोट्या छोट्या गटांना पत्रं लिहिली. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. सीमेवरून आलेलं पत्र घरातल्या एकानं मोठ्यानं वाचायचं आणि अख्ख्या गल्लीनं ऐकायचं, हे अशा गावांना सांगायला नको. पौलाची पत्रंही अशीच सगळ्यांसमोर वाचायची होती.

त्यांतला मजकूरही फार उंच उंच तत्त्वज्ञानाचा आहे असं समजू नका. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र उघडा. मंडळीत गट पडलेत. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसचा (हा आणखी एक प्रचारक). शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेचा फुटबॉल पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. भावकीतले एकमेकांना कोर्टात खेचतायत. एकत्र जेवणाला श्रीमंत आधी येऊन खाऊन घेतात, गरीब उपाशी राहतात. पौल वैतागून एकेकाला झाडतो आणि त्या झाडाझडतीच्या मध्येच प्रेमावरचं ते विलक्षण प्रकरण लिहून जातो, जे आज ख्रिस्ती लग्नांत वाचतात.

## चौघं चार तऱ्हेनं का सांगतात?

मग चरित्रं. त्यांना ‘शुभवर्तमान’ म्हणतात, म्हणजे चांगली बातमी. ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार. बहुसंख्य अभ्यासक मार्कचं सगळ्यांत जुनं मानतात, इसवी सन ७०च्या आसपासचं. मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान शतकाच्या अखेरीचा. मूळ मजकुरात लेखकाचं नाव नाही. ही नावं परंपरेनं जोडलेली आहेत.

इथं पहिला आक्षेप येतो: घटना घडल्यावर चाळीस वर्षांनी लिहिलेलं कसं खरं धरायचं? आक्षेप रास्त आहे. चाळीस वर्षांत माणसं विसरतात, वाढवून सांगतात. पण खासबागेतली चाळीस वर्षांपूर्वीची एखादी मोठी कुस्ती आजही पैज लावून सांगणारे म्हातारे इथल्या तालमींत भेटतील. चौघांना विचारा. एक डाव सांगेल, दुसरा पैलवानाची माती झटकायची लकब, तिसरा वस्तादाचा चेहरा, चौथा म्हणेल पाऊस होता. कोण कुणाला चीत झालं यावर मात्र चौघांचं एकमत असतं. शुभवर्तमानांचं बरंचसं तसंच आहे. नाताळचा देखावा बघा. तारा पाहून पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक फक्त मत्तयात आहेत. रात्री राखणीवर असलेले मेंढपाळ फक्त लूकमध्ये. मार्क तर जन्माबद्दल चकार शब्द काढत नाही, थेट मोठ्या येशूपासून सुरुवात करतो. आपण देखाव्यात दोघांचं एकत्र मांडतो. आणि ते ज्ञानी लोक तीन होते, असं बायबलमध्ये कुठंच नाही. भेटी तीन होत्या, त्यावरून माणसं तीन धरली.

कुस्तीचा दाखला सगळीकडं पुरत नाही, हेही सांगून टाकतो. शुभवर्तमानं लिहिणारे त्रयस्थ वार्ताहर नव्हते. श्रद्धा निर्माण व्हावी म्हणून लिहितो, असं योहान स्वतःच कबूल करतो. शिवाय मत्तय आणि लूकनं मार्कचा मजकूर समोर ठेवला होता असं बहुतेकांचं मत आहे, म्हणजे चारही साक्षी एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि पिलाताच्या काळात क्रुसावर मेला, याबद्दल मात्र इतिहासकारांत फारसा वाद नाही. पुनरुत्थान हा इतिहासाच्या हत्यारांनी सिद्ध करायचा किंवा खोडायचा मुद्दा नाही, तिथं श्रद्धेची हद्द सुरू होते.

## मग ३२५ साली झालं काय?

आता तो मोबाइलवरचा मजकूर. सम्राट कॉन्स्टंटाईननं आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया गावात बिशपांची, म्हणजे त्या त्या भागातल्या ख्रिस्ती समाजाच्या प्रमुखांची, परिषद बोलावली, हे खरं. भांडण पुस्तकांचं नव्हतं. एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र येशू हा थोर खरा, पण पित्यानं निर्माण केलेला. एक वेळ अशी होती की तो नव्हता. परिषदेनं ठरवलं की नाही, पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे. इस्टरची तारीख सगळीकडं एक असावी, हेही तिथं ठरलं. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, असा पुढं रूढ झालेला त्याचा हिशेब. म्हणून इस्टर आपल्या सणांसारखा दरवर्षी हलतो. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची, याचा ठराव नायसियाच्या नियमांत नाही.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या शिकवणीला ‘त्रैक्य’ म्हणतात. तीन देव असा अर्थ कुठलाही ख्रिस्ती करत नाही. देव एकच, व्यक्ती तीन, असं ते सांगतात. बर्फ, पाणी आणि वाफ हा दाखला द्यायचा मोह होतो. मी काकूंपुढं तो दिला होता. त्या म्हणाल्या, ‘हे बोललास ते जुन्या काळात पाखंड ठरलं असतं.’ खरंच आहे. एकच देव तीन सोंगं घेतो, ही कल्पना चर्चनं फार पूर्वीच नाकारली होती. तेव्हापासून मी त्रैक्याला दाखला शोधत नाही.

पुस्तकांची यादी ठरली कशी? हळूहळू. वारकऱ्यांच्या काकड्यात, हरिपाठात कुठले अभंग म्हणायचे हे कुणी मतदानानं ठरवलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या जे गायले गेले ते राहिले. चार शुभवर्तमानं दुसऱ्या शतकाच्या अखेरीला बहुतेक ठिकाणी रुळलेली दिसतात. काही पुस्तकांबद्दल बराच काळ कुरबुर चालली: इब्री लोकांना पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, शेवटचं ‘प्रकटीकरण’. ‘हर्मासचा मेंढपाळ’सारखी काही लोकप्रिय पुस्तकं शेवटी बाहेर राहिली. आजची नेमकी २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात आढळते. म्हणजे नायसियानंतर ४२ वर्षांनी, आणि तेही बादशहाच्या हुकमाशिवाय.

सत्तेचा काहीच वाटा नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. राजाश्रय मिळाल्यावर कुठल्या पंथाचे ग्रंथ टिकले आणि कुणाचे दडले, याला राजकारण होतंच. इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ १९४५ साली एका रांजणात पुरलेल्या पोथ्या सापडल्या. त्यांत थोमाच्या नावावरचं एक शुभवर्तमान होतं. कुणीतरी ते जपून पुरून ठेवलं होतं, यातच काय ते आलं.

## नकला करताना बदललं असेलच की

बदललं. पण किती आणि कुठं, हे बऱ्यापैकी शोधता येतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून शुद्ध पाठ तयार केला. बायबलचे अभ्यासक हेच काम करतात. नव्या कराराची पूर्ण-अपूर्ण अशी पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं आहेत. प्रती जितक्या जास्त तितके फरक जास्त दिसतात, आणि जितके फरक जास्त तितकी चूक कुठल्या शाखेत शिरली हे ओळखणं सोपं. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे आणि शब्दांच्या क्रमाचे असतात. काही मोठे आहेत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगड मारायला आलेल्या जमावाला येशू गप्प करतो, ती प्रसिद्ध गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मार्कची शेवटची बारा वचनंही सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत. आजची बरीच बायबलं हे तळटीप देऊन किंवा कंस घालून उघड सांगतात. लपवाछपवी असती तर तळटीप कशाला दिली असती?

जुन्या कराराची परीक्षा तर एका मेंढपाळानं घेतली. १९४७च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या कुमरान भागात एका बदाऊनी, म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या अरब टोळीतल्या, पोराला गुहेत मडकी सापडली, आणि मडक्यांत कातड्याच्या गुंडाळ्या. त्यांत यशया संदेष्ट्याचं सबंध पुस्तक होतं, सात मीटरहून लांब, आणि तोवर हाताशी असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षांनी जुनं. ताडून पाहिलं तर बारीकसारीक फरक पुष्कळ, पण पुस्तक तेच.

## ६६ की ७३?

मघाचं ग्रीक भाषांतर आठवा. त्यात हिब्रू संग्रहात नसलेली काही पुस्तकं होती: तोबित, यहूदीथ, मक्काबी वगैरे. चर्चमध्ये ती शतकानुशतकं वाचली गेली. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरनं आणि प्रोटेस्टंट सुधारकांनी हिब्रू संग्रह प्रमाण धरून ती वेगळी काढली. कॅथलिकांनी १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत ती पक्की केली. म्हणून कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांत ६६. नवा करार दोघांचा एकच.

कोल्हापुरात हा फरक बोलण्यातून ओळखू येतो. ‘फादर’, ‘सिस्टर’, ‘मिस्सा’ हे शब्द आले की कॅथलिक. ‘पाळक’, ‘उपासना’ आले की बहुधा प्रोटेस्टंट. पाद्री आणि नाताळ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दिले, जसा पाव दिला. आमेन म्हणजे ‘तसंच होवो’, हल्लेलुया म्हणजे ‘परमेश्वराची स्तुती करा’, दोन्ही हिब्रू. आणि चर्चला इथले जुने ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात. ‘रविवारी मंडळीत या.’ मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जमलेले लोक’ असाच आहे, इमारत हा अर्थ नंतर चिकटला. मराठीनं मूळ अर्थ पकडलाय आणि इंग्रजी शब्दाच्या नादानं आपण इमारतीकडं बघत बसतो.

## भाकर, वल्हांडण आणि पुन्हा तारण

मराठीत ही कथा पहिल्यांदा ओवीत आली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं रचलेलं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. ते भाषांतर नव्हे, पुराणाच्या धाटणीवर सांगितलेली कथा. प्रत्यक्ष भाषांतराला विल्यम कॅरीनं बंगालमधल्या श्रीरामपुरात हात घातला. मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ साली मराठीत आलं. कोल्हापुरात रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे.

भाषांतराचं सगळ्यांत धाडसी काम केलं पंडिता रमाबाईंनी. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून मुळावरून सबंध बायबल मराठीत आणलं, तेही जाणूनबुजून बोजड संस्कृत टाळून, साध्या बायकांना कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच ते छापलं गेलं. १९२२ साली त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

भाषांतर म्हणजे काय हे एका शब्दात बघायचं तर ‘भाकर’. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ म्हणतो. पाव नाही, पोळी नाही. ज्वारी बायबलच्या देशातली नसली तरी भूक तीच आहे. इजिप्तमध्ये मृत्यूचा दूत इस्राएली घरं ओलांडून गेला, त्या सणाला मराठी बायबल ‘वल्हांडण’ म्हणतं, ओलांडण्यावरून. या सणात बेखमीर भाकर खातात, म्हणजे आंबवण न घातलेली. येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार वल्हांडणाचंच. त्या भाकरीची आणि द्राक्षरसाची आठवण म्हणजे आजचं ‘प्रभुभोजन’.

आता काकूंचं ते हसणं. तारण म्हणजे संकटातून, पापातून वाचवणं, ‘देव तारी त्याला कोण मारी’मधलं तारणं. पण नव्या करारात त्याच्या जोडीला आणखी एक शब्द वारंवार येतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘मोल भरून सोडवणं’. बाजारात गुलामाची किंमत मोजून त्याला मोकळं करत, तो शब्द. मराठी बायबलनं त्याला ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ म्हटलंय. खंडणी म्हटलं की आज आपल्याला वर्तमानपत्रातलं गुन्ह्यांचं पान आठवतं, त्यामुळं पहिल्यांदा वाचताना दचकायला होतं. काकूंनी मला तो उतारा काढून दाखवला आणि विचारलं, ‘तुझ्या आत्यानं गहाण टाकलेल्या पाटल्या पैसे भरून परत आणल्या तर ती काय म्हणेल?’

‘सोडवून आणल्या म्हणेल,’ मी म्हणालो.

‘मग?’ म्हणत काकूंनी पुस्तक मिटलं आणि चुलीकडं वळल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.